उंचीचा आकडा : आकाशातले सुरक्षित अंतर का मोडते

नकाशावर मुंबई ते नागपूर सरळ रेघ ओढली तर ती छत्रपती संभाजीनगरवरून जाते. मुंबई–हैदराबादची धाराशिवच्या आसपासून, दिल्ली–बंगळुरूची नांदेडच्या जवळून. आणि मुंबई–विशाखापट्टणमची रेघ तिला देगलूरच्या परिसरात छेदते. प्रत्यक्ष हवाईमार्ग थोडे इकडे-तिकडे वळतात, पण चित्र हेच. मराठवाड्यात उतरणारी विमाने मोजकी, डोक्यावरून जाणारी कितीतरी जास्त.

पावसाळा सरला की जालना-परभणीच्या शिवारातून कधी दोन पांढऱ्या रेघा एकमेकींना कापताना दिसतात. खालून वाटते, आता धडकणार. त्या दोन विमानांत किमान १,००० फूट, म्हणजे ३०५ मीटर उभे अंतर ठेवलेले असते. देवगिरीचा डोंगर साधारण २०० मीटरचा. म्हणजे दीड देवगिरी. तेवढे नसेल तर आडवे अंतर हवे, रडारवर दिसत असताना साधारण ५ सागरी मैल, म्हणजे सव्वानऊ किलोमीटर. दोन्हींपैकी एक असले तरी भागते. दोन्ही एकाच वेळी कमी पडली की सेपरेशन मोडले असे म्हणतात. ताशी ९०० किलोमीटर वेगाची दोन विमाने समोरासमोर आली तर ते सव्वानऊ किलोमीटर १९ सेकंदांत संपतात.

या नियमांचा इतिहास म्हणजे विमानाची खरी उंची कोणाला, कशी कळते याचा इतिहास आहे. ३० जून १९५६ रोजी अमेरिकेत ग्रँड कॅन्यनवर दोन प्रवासी विमाने सुमारे २१,००० फुटांवर धडकली आणि १२८ जण गेले. त्या पट्ट्यात त्यांना वेगळे ठेवण्याची जबाबदारी कंट्रोलरवर, म्हणजे जमिनीवरून विमानांना वाट आणि उंची सांगणाऱ्यावर, नव्हतीच; वैमानिकांनी खिडकीतून पाहून टाळायचे, अशी पद्धत होती. त्यानंतर १९५८ मध्ये तिथे विमानवाहतुकीसाठी स्वतंत्र केंद्रीय संस्था उभी राहिली.

भारताला हा धडा हरियाणातल्या चरखी दादरीने दिला. १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी दिल्लीहून निघालेले सौदिया या सौदी अरेबियाच्या कंपनीचे बोइंग ७४७ १४,००० फुटांवर होते. उतरायला येणाऱ्या कझाकस्तानच्या इल्युशिन-७६ ला १५,००० फुटांची पातळी दिलेली होती. येण्या-जाण्याची वाट एकच, कारण आजूबाजूचे बरेच आकाश हवाई दलाकडे. आणि कंट्रोलरपुढे प्राथमिक रडार. त्यावर ठिपका दिसतो, उंची दिसत नाही. वैमानिक रेडिओवर सांगेल तीच उंची खरी धरायची. समोरून १४ मैलांवर बोइंग येते आहे, असे कझाक विमानाला सांगितलेही होते. तरी ते १५,००० वर थांबले नाही, खाली घसरत गेले आणि बोइंगला धडकले. ३४९ माणसे गेली. न्यायमूर्ती लाहोटी आयोगाने परवानगीविना पातळी सोडणे हेच कारण ठरवले. ते बरोबरच आहे; पण पडद्यावर उंची दिसत असती तर कंट्रोलरला ती घसरण दिसण्याची संधी होती, हेही तितकेच खरे.

दुय्यम रडारने ती उणीव भरली. विमानातला ट्रान्सपॉन्डर रडारच्या विचारणीला उत्तर देतो, त्यात उंची असते, आणि ठिपक्याशेजारी आकडा उमटतो. त्याच उत्तरांवर विमानातली टक्कर टाळणारी टीकॅस यंत्रणा चालते. शेजारचे विमान धोक्याच्या अंतरावर येण्याच्या २० ते ४८ सेकंद आधी ती सावध करते, १५ ते ३५ सेकंद आधी ‘वर जा’ किंवा ‘खाली जा’ असा थेट आदेश देते. चरखी दादरीनंतर भारतात प्रवासी विमानांना ती सक्तीची झाली.

तरीही १ जुलै २००२ रोजी जर्मनीत युबरलिंगनवर दोन विमाने धडकून ७१ जण गेले. रशियन विमानाला टीकॅस ‘वर जा’ म्हणत होते, कंट्रोलर ‘खाली या’. वैमानिकांनी कंट्रोलरचे ऐकले. दुसरे विमान आपल्या टीकॅसच्या आदेशाने खालीच येत होते. कंट्रोलर एकटा दोन पडदे सांभाळत होता आणि धोक्याचा दृश्य इशारा दुरुस्तीसाठी बंद होता. टीकॅसचा आदेश आला की कंट्रोलरची सूचना बाजूला ठेवायची, हा नियम त्यानंतर निःसंदिग्ध झाला.

भारतात २७ नोव्हेंबर २००३ पासून २९,००० ते ४१,००० फुटांच्या पट्ट्यातले उभे अंतर २,००० वरून १,००० फुटांवर आले. पातळ्या जवळपास दुप्पट झाल्या, चुकीला जागा निम्मी उरली. पूर्वेकडच्या अर्ध्या वर्तुळात, ० ते १७९ अंशांत जाणाऱ्यांना विषम पातळ्या (२९०, ३१०, ३३०, म्हणजे २९, ३१, ३३ हजार फूट), पश्चिमेकडे जाणाऱ्यांना सम. समोरासमोरची धडक याने टळते. छेदमार्गावर मात्र हा नियम कामाचा नाही. मुंबईहून पूर्वेला निघालेले आणि उत्तरेहून किंचित पूर्वेला झुकत दक्षिणेला येणारे, दोन्ही विमाने विषम पातळीचीच. देगलूरसारख्या छेदाआधी एकाची पातळी किंवा दिशा कंट्रोलरलाच बदलावी लागते. पातळी चुकीची असेल तर काय होते ते ब्राझीलने २९ सप्टेंबर २००६ ला पाहिले. छोटे जेट समोरच्या वाहतुकीच्या पातळीवर, ३७,००० फुटांवर तसेच राहिले, त्याचा ट्रान्सपॉन्डर बंद पडलेला. समोरच्या बोइंगच्या टीकॅसला ते दिसलेच नाही. १५४ जण गेले.

रोजच्या कामात अंतर मोडते ते याहून साध्या गोष्टींनी. कंट्रोलर ‘तीन एक शून्य’ म्हणतो, वैमानिक ‘तीन तीन शून्य’ परत म्हणतो, आणि पुढच्या विमानात गुंतलेल्या कंट्रोलरच्या कानावरून ते निसटते. एकाच कंपनीची जवळजवळ सारखे क्रमांक असलेली दोन विमाने एका फ्रिक्वेन्सीवर असतात आणि एकाची परवानगी दुसरा उचलतो. मे-जूनमध्ये मराठवाड्यावर वळवाचे ढग उभे राहिले की एकामागून एक विमान वाट सोडून २०-३० मैल बाजूला जायची परवानगी मागते आणि एरवी लांब असलेले मार्ग एकमेकांकडे सरकतात.

दाबाची चूकही अशीच बारीक. विमानाचा उंचीमापक हवेच्या दाबावरून उंची सांगतो. छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावरून उड्डाण करताना तो स्थानिक दाबावर लावलेला असतो. ठरावीक उंची ओलांडली की तो १०१३ हेक्टोपास्कलवर न्यायचा. पावसाळ्यात स्थानिक दाब १००३ असला आणि बटण फिरवायचे राहून गेले, तर काटा नेमून दिलेली पातळी दाखवत असताना विमान तिच्या सुमारे पावणेतीनशे फूट वर असते. ट्रान्सपॉन्डर मात्र नेहमी १०१३ धरूनच उंची पाठवतो, म्हणून कंट्रोलरच्या पडद्यावर हा फरक उमटतो. २९,००० ते ४१,००० फुटांच्या पट्ट्यात फरक २०० फुटांहून जास्त दिसला की त्याने वैमानिकाला दाब तपासायला सांगायचे. कारण वरचे विमान १,००० फुटांवर आहे आणि त्यातले पाव अंतर आधीच गेलेले आहे.