रेणू वनस्पतीचा, निर्मिती यीस्टची: आमच्या घटकांविषयी ग्राहकांसाठी माहिती

व्हॅनिलिन (व्हॅनिलाचा वास देणारं संयुग), रेझव्हेराट्रॉल (द्राक्षाच्या सालीत सापडणारं संयुग) आणि स्क्वालेन (तेलासारखं संयुग) हे तीन घटक आम्ही खाद्यपदार्थ व सौंदर्यप्रसाधनं बनवणाऱ्या उत्पादकांना पुरवतो. "हे झाडापासून काढलेलं आहे का?" असं जवळपास प्रत्येक नवा ग्राहक विचारतो. नाही. वनस्पतीत सापडतो तोच हा रेणू आहे, पण तो बनवलाय जनुकीय बदल केलेल्या यीस्टने, साखरेवर वाढून, बंद टाकीत. माल घेण्याआधी ही गोष्ट नीट समजून घ्यावी, म्हणून हे पत्रक.

झाडाकडून घेतलं तर काय अडतं?

झाड ही संयुगं आपल्यासाठी बनवत नाही. कीड, बुरशी, कडक ऊन यांच्यापासून स्वतःचा बचाव करण्यासाठी बनवतं, आणि लागतील तेवढीच बनवतं. द्राक्षाच्या सालीत बुरशीचा हल्ला झाला की रेझव्हेराट्रॉल वाढतं. हल्ला नसेल तर फारसं नसतं. त्यामुळे एका हंगामाचा अर्क दुसऱ्या हंगामाशी जुळत नाही. कर्करोगावरचं व्हिनब्लास्टिन हे औषध सदाफुलीतून मिळतं आणि त्याच्या एका ग्रॅमसाठी सुमारे ५०० किलो सुकी पानं लागतात. स्क्वालेनचा तर वर्षानुवर्षांचा मोठा स्रोत म्हणजे शार्क माशाचं यकृत. ऑलिव्हमध्येही ते असतं, पण थोडं.

यीस्टमध्ये आम्ही नेमकं काय बदलतो?

वनस्पतीतलं कुठलंही संयुग एका दमात तयार होत नाही. एक विकर (एन्झाइम, म्हणजे रासायनिक बदल घडवणारं प्रथिन) रेणूत छोटा बदल करतं, पुढचं विकर आणखी एक बदल करतं, अशी ती साखळी असते. प्रत्येक विकराची कृती एका जनुकात लिहिलेली असते. जनुकातला अक्षरक्रम माहीत असला की आता तो डीएनए प्रयोगशाळेतच जोडून घेता येतो. त्यासाठी झाडाचं पानही तोडावं लागत नाही. मग तो यीस्टच्या गुणसूत्रात बसवायचा.

रेझव्हेराट्रॉलची साखळी त्यातल्या त्यात आखूड आहे. टायरोसिन हे अमिनो आम्ल यीस्टकडे असतंच. पहिलं विकर त्यातून कुमारिक आम्ल करतं, दुसरं त्याला को-एन्झाइम ए हा वाहक रेणू जोडतं आणि तिसरं, स्टिल्बीन सिंथेज, त्यावर मॅलोनिल या छोट्या कार्बनी गटाचे तीन तुकडे चढवून रेझव्हेराट्रॉल घडवतं. कागदावर तीन जनुकं, संपलं काम. प्रत्यक्षात यीस्टला तेच मॅलोनिल स्वतःच्या मेदासाठी हवं असतं आणि ते सहजासहजी सोडत नाही. या व्यवसायातली खरी मेहनत जनुक बसवण्यात नसून ही ओढाताण सोडवण्यात जाते.

व्हॅनिलिनची अडचण वेगळीच. ते यीस्टला मारक आहे. जास्त साठलं की बनवणाऱ्या पेशीच मान टाकतात. उपाय असा की व्हॅनिलिन तयार होताच त्याला ग्लुकोजचा एक रेणू चिकटवायचा, म्हणजे त्याचा जाच कमी होतो. नंतर तो ग्लुकोज काढून टाकायचा. गंमत म्हणजे व्हॅनिलाच्या हिरव्या शेंगेतही व्हॅनिलिन याच रूपात साठवलेलं असतं. म्हणून ताज्या शेंगेला तो वास जवळजवळ नसतो, शेंगा मुरवल्यावर तो सुटतो.

इथे एक गोष्ट आधीच सांगतो, कारण ती कळली की काही ग्राहक दचकतात. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या व्हॅनिलिनच्या मार्गात वापरलेली जनुकं एकट्या वनस्पतीची नव्हती. एक बुरशीचं होतं, एक जिवाणूचं, एक माणसाचं आणि ग्लुकोज चिकटवणारं तेवढं वनस्पतीचं. जे विकर ते काम नेमकं करतं ते निवडलं जातं. मूळ मालक कोण याने तयार झालेल्या रेणूत काही फरक पडत नाही. तरीही ज्यांना हे तत्त्वतः मान्य नाही त्यांनी आमचं व्हॅनिलिन घेऊ नये. आम्हाला वाईट वाटणार नाही.

स्क्वालेनसाठी तर बाहेरचं जनुक नसलं तरी चालतं. यीस्ट स्वतःच्या पेशीपटलासाठी एर्गोस्टेरॉल हा मेदासारखा पदार्थ बनवतं आणि त्या वाटेवर स्क्वालेन येतंच. आधीच्या पायऱ्यांचा वेग वाढवायचा, पुढची मंद करायची, की ते साठू लागतं.

मग सगळंच टाकीत का बनवत नाही?

कारण ते परवडत नाही. याचं सर्वांत बोलकं उदाहरण हिवतापावरच्या आर्टेमिसिनिनचं आहे. ते आर्टेमिसिया ॲनुआ या दवण्याच्या भावकीतल्या झुडपातून मिळतं; त्याच्या शोधासाठी चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांना २०१५ साली नोबेल मिळालं. अमेरिकी शास्त्रज्ञ जे कीसलिंग यांच्या गटाने २००६ मध्ये त्याआधीचा टप्पा, आर्टेमिसिनिक आम्ल, यीस्टकडून करून घेतला. तेव्हा लिटरमागे सुमारे १०० मिलिग्रॅम मिळत होतं, २०१३ पर्यंत हा आकडा २५ ग्रॅमवर गेला. शास्त्र म्हणून ही कामगिरी अफाट होती. पण त्याच सुमारास शेतातल्या मालाचा भाव उतरला आणि कारखान्यातलं आर्टेमिसिनिन बाजारात मागे पडलं. वर सांगितलेल्या व्हिनब्लास्टिनचे दोन मुख्य घटक २०२२ मध्ये यीस्टमध्ये बनले, त्यासाठी यीस्टच्या जनुकांत ५० हून अधिक बदल करावे लागले, तरी उत्पन्न लिटरमागे मायक्रोग्रॅममध्येच. अशा बातम्या वाचून कोणी तुम्हाला "आता सगळं टाकीतून स्वस्तात" असं सांगितलं, तर लिटरमागे किती मिळतं ते आधी विचारा.

टाकी म्हणजे निसर्गावर भार नाही, असंही आम्ही म्हणणार नाही. साखर शेतातूनच येते. पाणी आणि वीज भरपूर लागते. स्क्वालेनच्या बाबतीत शार्क वाचतात, तो फायदा उघड आहे. बाकी दोन घटकांत मुख्य फायदा आहे तो एकसारख्या दर्जाचा आणि वर्षभर मिळणाऱ्या पुरवठ्याचा.

बाटलीत काय असतं, काय नसतं

जिवंत यीस्ट नसतं. किण्वन संपल्यावर पेशी वेगळ्या काढून उष्णतेने मारल्या जातात, मग घटक शुद्ध केला जातो. प्रत्येक खेपेसोबत शुद्धतेचा आणि डीएनएच्या तपासणीचा अहवाल येतो. तो मागून घ्या आणि वाचा.

झाडाच्या अर्कातले इतर घटकही नसतात, आणि हे कधी बरं, कधी वाईट. जपानी नॉटवीड या वनस्पतीपासून काढलेल्या रेझव्हेराट्रॉलमध्ये इमोडिन राहू शकतं, जे रेचक आहे. आमच्यात ते येण्याचा प्रश्नच नाही. उलट मुरवलेल्या व्हॅनिला शेंगेच्या सुगंधात व्हॅनिलिनखेरीज शेकडो संयुगं असतात. तुमच्या पदार्थाची ओळखच त्या भरीव वासावर असेल तर शेंगाच वापरा, आमचं व्हॅनिलिन त्या जागी फिकं पडेल.

रेझव्हेराट्रॉलच्या आरोग्यविषयक दाव्यांबद्दल: प्रयोगशाळेतल्या पेशींवरचे परिणाम आकर्षक आहेत, माणसांवरच्या चाचण्यांत मात्र एकवाक्यता नाही. पोटातून घेतलेलं रेझव्हेराट्रॉल शरीर फार झपाट्याने बदलून टाकतं. आमच्या नावाने आजार बरा करण्याचा दावा छापू नका.

साठवण आणि लेबल

रेझव्हेराट्रॉलचा उपयुक्त प्रकार 'ट्रान्स' असतो, पण उजेडात तो 'सिस' प्रकारात बदलतो. म्हणून डबा अपारदर्शक आणि बंद हवा. व्हॅनिलिन हवेत हळूहळू ऑक्सिडाइज होतं, झाकण घट्ट ठेवा. स्क्वालेनमध्ये सहा दुहेरी बंध असल्याने ते हवेने लवकर खवट होतं. पिंप उघडल्यावर वरची मोकळी जागा नायट्रोजनने भरा. क्रीम बराच काळ टिकायला हवं असेल तर स्क्वालॅन मागवा, म्हणजे स्क्वालेनला हायड्रोजन जोडून केलेला त्याचाच संपृक्त (दुहेरी बंध नसलेला) भाऊ.

लेबलवर 'नैसर्गिक' लिहिता येईल का, जनुकीय बदलाचा उल्लेख बंधनकारक आहे का, याचे नियम देशागणिक वेगळे आहेत आणि अन्नासाठी एक, प्रसाधनासाठी दुसरे. उत्पादनपद्धतीचं लेखी निवेदन आम्ही प्रत्येक ऑर्डरसोबत देतो. लेबल छापायला टाकण्याआधी ते तुमच्या नियामक सल्लागाराला दाखवा, आणि माल कोणत्या देशात विकणार आहात ते आम्हाला ऑर्डर देतानाच कळवा, म्हणजे तिथे लागणारी कागदपत्रं मालाबरोबरच निघतील.