प्रतिप्रस्ताव (नोकरी)

राजीनामा दिलेल्या कर्मचाऱ्याने थांबावे म्हणून सध्याची कंपनी त्याला पगारवाढ, बढती किंवा कामात बदल देऊ करते, त्याला प्रतिप्रस्ताव म्हणतात. मुंबईतल्या ऑफिसांत मात्र ‘काउंटर ऑफर’ हाच शब्द रुळला आहे. वांद्रे-कुर्ला संकुल, लोअर परळ, पवई आणि ऐरोली येथील वित्तसंस्था व आयटी कंपन्यांत नोटीस पिरियड अनेकदा ६० ते ९० दिवसांचा असतो, आणि मन वळवण्याचे सारे प्रयत्न याच मुदतीत होतात. सकाळी मेल गेला की दुपारी साहेब केबिनमध्ये बोलावतात, ‘तुला काय हवंय ते सांग, मी एचआरशी बोलतो’ म्हणतात, आणि वर्षभर अडलेली वाढ दोन दिवसांत मंजूर होते.

जुन्या आणि नव्या पगाराची तुलना सीटीसीच्या (कंपनीला कर्मचाऱ्यावर येणाऱ्या एकूण वार्षिक खर्चाच्या) आकड्यावर करणे फसवे ठरते, कारण त्यात कंपनीचा भविष्य निर्वाह निधीतील वाटा, ग्रॅच्युइटीची (दीर्घ सेवेनंतर नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी रकमेची) तरतूद आणि कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कमही धरलेली असते. पाहायचे ते दरमहा हातात येणारे पैसे. थांबण्यासाठी दिलेला एकरकमी बोनस ठरावीक मुदतीपूर्वी नोकरी सोडल्यास परत करावा लागण्याची अट बहुधा पत्राच्या शेवटच्या पानावर असते.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते ग्रॅच्युइटीकडे. १९७२ च्या कायद्याने घातलेली पाच वर्षांच्या सलग सेवेची अट कायम कर्मचाऱ्यांसाठी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. मूळ वेतन ६०,००० रुपये असलेल्या कर्मचाऱ्याला पाच वर्षांनी, सेवेच्या दर वर्षासाठी मासिक वेतनाच्या १५/२६ या सूत्राने, सुमारे १,७३,००० रुपये मिळतात. चार वर्षे दोन महिन्यांवर तो बाहेर पडला तर ही रक्कम बुडते, आणि दरमहा दहा हजार जास्त देणाऱ्या नव्या नोकरीला ती तूट भरून काढायला सतरा-अठरा महिने लागतात. भविष्य निर्वाह निधीचे तसे नाही. यूएएन (निधीचा कायमचा खाते क्रमांक) तोच ठेवून तो नव्या कंपनीकडे वर्ग करता येतो.

मुंबईत प्रवास हाही पगाराचाच भाग मानला पाहिजे. डोंबिवलीच्या माणसाला वांद्रे-कुर्ला संकुलात पोहोचायला कुर्ल्याला उतरून रिक्षा किंवा बसची रांग धरावी लागते, तर ऐरोलीला ठाण्याहून ट्रान्स-हार्बर गाडी मिळते; रोजचा वाचणारा तास घरी मुलांचा अभ्यास घेणाऱ्याला पाच हजारांहून मोलाचा वाटू शकतो.

राजीनाम्यामागे केवळ पैसा असेल तर प्रतिप्रस्ताव स्वीकारण्यात गैर काही नाही. पण वरिष्ठांची वागणूक, रखडलेली बढती किंवा शिकण्यासारखे काही न उरलेले काम हे कारण असेल, तर वाढीव पगाराने ते मिटत नाही. शिवाय आज दिलेली वाढ पुढच्या अप्रेझलमधल्या (वार्षिक मूल्यमापनातल्या) वाढीतूनच उचल म्हणून दिलेली असू शकते. तसे आहे का, हे तेव्हाच स्पष्ट विचारून घ्यावे.

थांबायचे ठरल्यास तोंडी शब्दावर विसंबू नये. नवे वेतन, पद आणि लागू होण्याची तारीख असलेले सुधारित पत्र हाती आल्यावरच राजीनामा मागे घ्यावा आणि तो मागे घेतल्याची पोचही मेलवर मागून घ्यावी. ज्या कंपनीचे ऑफर लेटर स्वीकारले होते तिला त्याच दिवशी फोन करून कळवावे, कारण तिने त्या जागेसाठी इतर उमेदवारांना नकार कळवलेला असतो.