बोटीच्या टाकीतला ऊस

आयर्विन पुलापाशी कृष्णेने ४० फुटांची इशारा पातळी गाठली की सांगली परिसरात रबरी बोटी शेडमधून बाहेर निघतात. दोरी ओढली की इंजिन दोनदा खोकतं आणि गप्प होतं. प्लग बदलतात, तरी तेच. खरा घोटाळा बऱ्याचदा टाकीच्या तळाशी असतो.

हल्लीच्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्या कारखान्यांच्या मळीपासूनही तेच निघतं. इथेनॉल पेट्रोलातही मिसळतं आणि पाण्यातही, पण त्याची ओढ पाण्याकडे जास्त. थोडं पाणी ते पोटात घालतं आणि पेट्रोल स्वच्छच दिसतं. १० टक्के इथेनॉल असेल तर लिटरमागे साधारण ५ मिलिलिटर पाणी, म्हणजे चहाचा एक चमचा, खपून जातं. २० टक्क्यांत त्याहून थोडं जास्त. त्यापुढे इथेनॉल पेट्रोलाची साथ सोडतं आणि पाण्यासह तळाला बसतं. गारव्यात ही मर्यादा आणखी खाली येते, म्हणून दुपारी ठीक दिसलेलं पेट्रोल पहाटे फाटू शकतं. भर पावसात झाकण उघडं ठेवून पेट्रोल ओतलं की एवढं पाणी जायला वेळ लागत नाही.

इंधनाची नळी तळातूनच ओढते. टू-स्ट्रोकचं ऑइल (५०:१ असेल तर ५ लिटरला १०० मिलिलिटर) मात्र वरच्या पेट्रोलातच राहतं. म्हणजे इंजिनात जातो तो वंगण नसलेला थर, आणि पिस्टन जाम होतो.

तळातलं अर्धा लिटर पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढून दहा मिनिटं न हलवता ठेवा. दोन थर दिसले तर ते वापरू नका. ‘पाणी घालवणारं’ औषध ओतून फाटलेलं पेट्रोल पुन्हा सांधत नाही.

बोटीत पाणी वेगळं करणारा फिल्टर आणि त्याचे दोन सुटे भाग हवेत. प्रत्येक सिलिंडरमागे एक प्लग, प्लगपाना, पंख्याच्या नटाची कॉटर पिन आणि बंद-स्विचची (ओढली की इंजिन बंद करणारी) जादा दोरी हवी. इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपातलं रबरी चाक कोरडं फिरलं की लगेच जळतं आणि गढूळ पाण्यात लवकर झिजतं. इंजिनामागची पाण्याची धार बारीक झाली की आधी ते बघा. रबराचं ठिगळ ओल्या पृष्ठभागावर चिकटत नाही, म्हणून ठिगळाच्या डब्यात सुकं फडकंही ठेवा. जलपर्णी अडकते, तिच्यासाठी सुरी हवीच. खायला बेदाणे नाहीतर गूळ-शेंगदाणे, घट्ट झाकणाच्या डब्यात.

इंजिनाला लिंबू-मिरची बांधणाऱ्यांनी त्याच दोऱ्याने पाना बोटीला बांधावा; निदान तो नदीत तरी पडणार नाही.

पेट्रोलाचे तीन वाटे करा: एक जायला, एक यायला, एक राखीव. प्रवाहाविरुद्ध यायचं असेल तर जायच्या वाट्यातच काटकसर करा.