पृथ्वी राहण्याजोगी राहिली ती दगडांमुळे

‘पृथ्वी सूर्याच्या जरा जवळ असती तर सगळं भाजून निघालं असतं, जरा लांब असती तर गोठून गेलं असतं’ असा एक संदेश दर थोड्या दिवसांनी फिरत असतो. काही वेळा हे ‘जरा’ चक्क काही फुटांवर येतं. त्यामागचा आश्चर्याचा भाव मला आवडतो, पण विधान खोटं आहे. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे. जानेवारीच्या सुरुवातीला ती सूर्यापासून सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर असते आणि जुलैच्या सुरुवातीला १५ कोटी २१ लाखांवर. दरवर्षी आपण ५० लाख किलोमीटर जवळ-लांब होतो, आणि उत्तर गोलार्धात तर सूर्य सर्वांत जवळ असतानाच थंडी असते!

नुसत्या अंतराने भागत असतं तर चंद्रावरही जंगलं असती. तोही सरासरी तेवढ्याच अंतरावर आहे. तिथे विषुववृत्तावर दुपारी तापमान १२० अंश सेल्सियसपर्यंत चढतं आणि रात्री उणे १३० पर्यंत उतरतं, कारण ऊब धरून ठेवणारं वातावरण तिथे नाही. पृथ्वीवर ते आहे. ते उष्णता अडवणारं नसतं, तर आपलं सरासरी तापमान उणे १८ अंशांच्या आसपास असतं. प्रत्यक्षात ते १५ अंशांच्या आसपास आहे. हा ३३ अंशांचा फरक पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि इतर काही हरितगृह वायूंनी घडवला आहे.

इथवर शाळेत शिकवलेलं असतं. मला भुरळ पडते ती पुढच्या प्रश्नाची: हे तापमान टिकलं कसं?

तारुण्यात सूर्य आजच्यापेक्षा सुमारे ३० टक्के मंद होता. १९७२ साली कार्ल सेगन आणि जॉर्ज मुलन या शास्त्रज्ञांनी यातली अडचण दाखवून दिली. सूर्य एवढा मंद आणि वातावरण आजच्यासारखं असतं, तर पृथ्वीवरचे समुद्र निम्म्याहून अधिक काळ गोठलेले असायला हवे होते. पण पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्समध्ये झिरकॉन या खनिजाचे ४४० कोटी वर्षांपर्यंत जुने स्फटिक सापडले आहेत, आणि त्यांतल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे त्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंच्या प्रमाणावरून दिसतं की अगदी सुरुवातीच्या काळातही पृष्ठभागावर द्रवरूप पाणी असावं. सूर्य प्रखर होत गेला, तरी पृथ्वी ना कायमची गोठली ना उकळली. या कोड्याच्या उत्तराचा मोठा भाग आपल्या पायाखालच्या खडकांत आहे.

पावसाच्या थेंबात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो आणि सौम्य कार्बोनिक आम्ल बनतं. हे पाणी बेसॉल्ट, ग्रॅनाइट अशा सिलिकेट (सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या संयुगांच्या) खडकांवरून वाहताना त्यांना हळूहळू कुरतडतं. भूगोलात आपण याला रासायनिक विदारण म्हणतो. खडकातलं कॅल्शियम आणि पाण्यातलं बायकार्बोनेट नद्यांमधून समुद्रात जातं. तिथे शंखशिंपले, प्रवाळ आणि सूक्ष्म प्लवक त्यापासून कवचं बांधतात. ते मेले की कवचं तळाशी साचतात आणि त्यांची चुनखडी होते. चुनखडीच्या तुकड्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की तो फसफसतो. भूवैज्ञानिक चुनखडी अशीच ओळखतात. त्या बुडबुड्यांतून सुटणारा वायू म्हणजे कधीकाळी दगडात कैद झालेला कार्बन डायऑक्साइड.

हिशोब थोडा बारकाईने पाहण्यासारखा आहे. कॅल्शियमचा एक अणू सिलिकेट खडकातून सुटताना कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू वापरले जातात. कवच बनताना त्यांतला एक परत मोकळा होतो, एक अडकून पडतो. खडक मुळात चुनखडीचाच असेल, तर झिजताना एक रेणू घेतला जातो आणि कवच बनताना तोच परत मिळतो, म्हणजे निव्वळ प्राप्ती शून्य. म्हणून दीर्घकाळाचा विचार करताना खरं महत्त्व सिलिकेटचं.

नुसती कैदच होत राहिली असती तर हवेतला कार्बन डायऑक्साइड केव्हाच संपला असता. तो परत आणतात भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचे प्रचंड तुकडे. नखं वाढतात साधारण त्याच वेगाने, वर्षाला काही सेंटिमीटर, ते सरकतात. समुद्रतळाचे पट्ट दुसऱ्या पट्टांखाली जातात, सोबत गेलेली चुनखडी खोलवर तापते आणि तिच्यातला वायू ज्वालामुखींवाटे वर येतो.

आता यातली खुबी. तापमान वाढलं की बाष्पीभवन आणि पाऊस वाढतो, रासायनिक क्रियाही वेगाने होतात. मग विदारण वाढतं, वायू जास्त ओढला जातो, पृथ्वी निवते. थंडी वाढली की विदारण मंदावतं, पण ज्वालामुखी थांबत नाहीत. वायू साठत जातो आणि ऊब परत येते. जेम्स वॉकर, पी. बी. हेज आणि जेम्स कास्टिंग यांनी १९८१ मध्ये ही कल्पना नीट मांडली. सुमारे ७२ ते ६३ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वी दोनदा जवळजवळ पूर्णपणे बर्फाखाली गेली, तेव्हा खडक झाकले गेले आणि विदारण जवळपास थांबलं. ज्वालामुखींचा वायू लाखो वर्षं साचत राहिला आणि शेवटी बर्फ वितळला. त्या काळच्या हिमनदीच्या गाळावर थेट बसलेले कार्बोनेट (चुनखडीसारख्या) खडकांचे थर आज अनेक खंडांवर दिसतात, ती याचीच खूण.

हे वाचून कुणी म्हणेल, मग हवामानबदलाची चिंता कशाला, पृथ्वी सावरेलच. सावरेल, पण लाखो वर्षांनी. माणूस दरवर्षी जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, त्याच्या एक टक्काही सगळे ज्वालामुखी मिळून सोडत नाहीत. खडकांना हा वेग झेपणारा नाही.

शुक्रावर हे चक्र चालत नाही. समुद्र नाही, म्हणून चुनखडी नाही. पृथ्वीच्या खडकांत जेवढा कार्बन कोंडलेला आहे, साधारण तेवढाच तिथे वायुरूपात हवेत आहे आणि पृष्ठभाग ४६५ अंशांवर तापलेला आहे. मंगळाची गोष्ट उलटी. त्याचं वस्तुमान पृथ्वीच्या जेमतेम एक दशांश, त्यामुळे तो लवकर निवला. ज्वालामुखी मंदावले, चुंबकीय क्षेत्र विझलं, विरळ होत गेलेली हवा अवकाशात निसटली.

चुंबकीय क्षेत्राचा विषय निघालाच आहे, तर ‘ध्रुव उलटणार आणि जीवसृष्टी संपणार’ म्हणणाऱ्या व्हिडिओंबद्दलही सांगतो. असे ध्रुवपालट, म्हणजे उत्तर आणि दक्षिण चुंबकीय ध्रुवांची अदलाबदल, शेकडो वेळा झाले आहेत, शेवटचा सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी. तेव्हा आपले पूर्वज पृथ्वीवर होते आणि ते टिकले. लोकांना घाबरवून प्रेक्षक मिळवणं हा विज्ञानप्रसार नव्हे.

खडकांच्या या व्यवस्थेलाही मर्यादा आहे. सूर्य दर शंभर कोटी वर्षांत सुमारे दहा टक्के प्रखर होतो आहे, आणि ती वाढ भरून काढायला हवेतला कार्बन डायऑक्साइड कमी कमी होत जाईल. पण वनस्पतींचं अन्नही तोच आहे. साधारण शंभर कोटी वर्षांनी तो इतका घटेल की प्रकाशसंश्लेषण अवघड होईल. बहुतेक वनस्पतींपुढे उपासमारीचं संकट उभं राहील, आणि समुद्र आटायला लागतील ते त्यानंतर.