काय बोलायचं सुचत नाही? मानसिक प्रथमोपचार शिकता येतो

सोबत काम करणारा मित्र महिनाभर गप्प गप्प आहे, डबा खायला येत नाही, मेसेजला रिप्लाय नाही, आणि आपल्याला हे सगळं दिसत असतं तरी आपण विचारत नाही. काळजी नसते असं नाही, पण आपण काहीतरी चुकीचं बोललो आणि अजून बिघडलं तर, ही भीती असते. ही भीती घालवता येते, मानसिक प्रथमोपचाराच्या ट्रेनिंगने, म्हणजे मनाने त्रासलेल्या माणसाला तज्ज्ञांची मदत मिळेपर्यंत आधार कसा द्यायचा ते शिकून, आणि ते ट्रेनिंग घ्यायला डॉक्टर असायची गरज नाही.

ऑस्ट्रेलियात 2000 साली बेटी किचनर आणि अँथनी जॉर्म या नवरा-बायकोने सामान्य लोकांसाठी मानसिक प्रथमोपचाराचा कोर्स सुरू केला. बेटी स्वतः डिप्रेशनमधून गेलेल्या आणि जॉर्म या विषयातले संशोधक, म्हणजे अनुभव आणि अभ्यास दोन्ही घरातच. आज वीसपेक्षा जास्त देशांत हा कोर्स चालतो. आणि गरज केवढी आहे बघा, जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 2019 साली जगात दर आठ माणसांमागे एकाला कुठला ना कुठला मानसिक आजार होता. एवढ्या सगळ्यांपर्यंत तज्ज्ञ लगेच पोचणं शक्यच नाही, आधी पोचतो तो शेजारी, भाऊ नाहीतर मैत्रीण.

आजार कुठला हे ओळखणं आपलं काम नाही. आपण फक्त बदल बघायचा, झोप, भूक, चिडचिड, आवडीच्या गोष्टी सोडून देणं, आणि हे दोन आठवडे किंवा जास्त टिकलं असेल तर निवांत जागा बघून विचारायचं, "हल्ली तू नेहमीसारखा वाटत नाहीयेस, काही होतंय का?" मग थांबायचं. हे थांबणंच सगळ्यात अवघड जातं, कारण समोरचा दोन वाक्यं बोलला की आपल्या तोंडात लगेच "अरे टेन्शन नको घेऊस, सगळ्यांनाच असतं" हे येतं, आपण धीर द्यायला म्हणतो पण त्याला ऐकू येतं की माझं दुःख काही खास नाही, आणि तो पुढचं बोलतच नाही. म्हणून कोर्समध्ये जोड्या करून ऐकायची प्रॅक्टिस करून घेतात. मला तरी तो भाग सगळ्यात मोलाचा वाटतो, वाचून हे येत नाही.

ऐकल्याने खरंच काही होतं का? 2007 च्या एका ब्रेन स्कॅनच्या अभ्यासात लोकांना भावना दाखवणारे चेहरे दाखवले, आणि त्या भावनेला शब्दात नाव दिलं की मेंदूतल्या अमिग्डालाची, म्हणजे भीतीशी जोडलेल्या भागाची, हालचाल कमी झालेली दिसली. प्रयोगातलं चित्र आणि खरं आयुष्य यात फरक आहे, पण मोकळं बोलल्यावर हलकं का वाटतं याचा एक धागा इथे सापडतो.

आता सगळ्यात घाबरवणारा प्रश्न. "जीव द्यावा असे विचार येतात का?" असं विचारलं तर डोक्यात नसलेलं घालू, असं भल्याभल्यांना वाटतं. पण असं होत नाही, यावर बरेच अभ्यास झालेत, विचारल्याने ते विचार वाढल्याचं दिसलेलं नाही, उलट कित्येकांना सुटल्यासारखं वाटतं. म्हणून आडून आडून नको, सरळ विचारा. उत्तर हो आलं तर शांत राहा, काही ठरवलंय का तेही विचारा, एकटं सोडू नका, धोक्याच्या वस्तू लांब ठेवा आणि लगेच हेल्पलाइन, इमर्जन्सी किंवा डॉक्टर गाठा. "कुणाला सांगणार नाही" असं वचन इथे देऊ नका.

पॅनिक अटॅकमध्ये माणसाला आपण मरतोय असंच वाटतं. जोरजोरात श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मग बोटांना मुंग्या, चक्कर, आणि त्याने भीती अजून वाढते. बाजूला बसा, सावकाश बोला, श्वास हळू सोडायला सांगा, साधारण दहा मिनिटांत जोर चढून मग ओसरायला लागतो. पण छातीत दुखत असेल आणि असं आधी कधी झालेलं नसेल तर हार्टचं असू शकतं, तिथे अंदाज न लावता दवाखाना गाठायचा.

अपघात किंवा पुरातून वाचलेल्या माणसाला मात्र "काय काय झालं ते सगळं सांग" म्हणून खोदू नका. पूर्वी घटनेनंतर लगेच सगळं बोलून घ्यायची पद्धत होती, पण तपासल्यावर तिचा फायदा दिसला नाही, काहींना त्रासच झाला. आता जागतिक आरोग्य संघटना सांगते, बघा, ऐका आणि मदतीशी जोडून द्या. पाणी, पांघरूण, घरच्यांशी फोन, आधी हे.

आणि डॉक्टरकडे चल म्हटल्यावर तो नाही म्हणाला तर? जीवाला धोका नसेल तर जबरदस्ती नको. का नको वाटतंय ते विचारा, खर्च, लाज, की गोळ्यांची भीती, त्यातलं एखादं तुमच्याकडून सुटण्यासारखं असतं, अपॉइंटमेंट घेऊन देणं किंवा बाहेर बाकावर सोबत बसणं. तेवढ्यानेही नाही म्हणाला तर आठवड्याभराने परत विचारा.