अंड्याची डबी मोडीत घालण्यापूर्वी

ईस्टरच्या अंड्याच्या आकाराची, मीना (धातूवर भाजून बसवलेली रंगीत काच) आणि खडे असलेली डबी आपल्याकडे असेल, तर वजनकाट्यावर ठेवण्याआधी हे पत्रक वाचावे. अशा वस्तूत सोने थोडे असते, खरी किंमत घडणावळीची.

रशियातले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ईस्टरला एकमेकांना रंगवलेली अंडी देतात. १८८५ साली झार तिसरा अलेक्झांडर याने राणी मारिया फ्योदोरोव्हना हिच्यासाठी सेंट पीटर्सबर्गचा जवाहिर कार्ल फॅबर्जे याच्याकडून असे एक अंडे करवून घेतले. लांबी जेमतेम साडेसहा सेंटिमीटर. सोन्यावर पांढरा अपारदर्शक मीना, त्यामुळे दिसायला कोंबडीचे साधे अंडेच. उघडले की आत सोन्याचा बलक, बलकात माणकाच्या डोळ्यांची सोन्याची कोंबडी, आणि तिच्या पोटात हिऱ्यांचा इवलासा मुकुट व माणकाचे लोलक. मुकुट आणि लोलक पुढे हरवले, कोंबडी आहे.

१९१६ पर्यंत अशी ५० अंडी राजघराण्याला पोहोचली. अलेक्झांडरचा मुलगा आणि पुढचा झार दुसरा निकोलस दरवर्षी दोन देत असे, एक आईला, एक बायकोला. १९०४ आणि १९०५ ही वर्षे जपानशी युद्धामुळे रिकामी गेली. फॅबर्जे स्वतः हत्यार घेऊन बसत नसे. काम मिखाईल पेर्खिन, हेन्रिक विगस्ट्रम अशा उस्तादांच्या कारखान्यांत होई.

घडणावळ कुठे जाते ते मीन्यात दिसते. आधी पत्र्यावर यंत्राने लाटांच्या किंवा किरणांच्या बारीक रेषा कोरतात, याला गिलोशे म्हणतात. त्यावर रंगीत काचेची ओली पूड पसरून, पूर्ण वाळवून, ७०० ते ८०० अंश सेल्सियसला भाजायची. एका थराने भागत नाही. पाच-सहा थर, प्रत्येकाची भाजणी वेगळी. पूड नीट धुतली नसेल तर काच धुरकट होते, ओल राहिली तर फोड येतात, आणि गोलाईवर पूड खाली घसरते ती वेगळीच. आतून मीना दिला नाही तर निवताना धातू आणि काच सारखे आकसत नाहीत आणि काम तडकते. निकोलसच्या राज्याभिषेकाच्या आठवणीसाठी १८९७ मध्ये केलेल्या अंड्याचा पिवळा मीना तिरका धरला की खालचे किरण हलल्यासारखे वाटतात, ते या कोरीव रेषांमुळे.

हीच आपली पहिली परीक्षा. दहापट भिंगाखाली डबी हलवून पाहा. रेषा काचेच्या तळाशी, धारदार दिसल्या तर मीना खरा असण्याची शक्यता. कडा बोथट आणि रंग प्लॅस्टिकसारखा असेल तर ओतीव मिश्रधातूवर राळेचा रंग आणि डिंकाने चिकटवलेले खडे आहेत. भेट म्हणून त्यात वाईट काही नाही.

दुसरी परीक्षा ठशांची, म्हणजे धातूवर उमटवलेल्या खुणांची. रशियात शुद्ध सोने ९६ झोलोत्निक (जुने रशियन माप) धरत. म्हणून ५६ म्हणजे १४ कॅरेट, ७२ म्हणजे १८. सरकारी ठशातला शिरोभूषण घातलेल्या स्त्रीचा चेहरा १८९९ पासून डावीकडे वळलेला, १९०८ पासून उजवीकडे. पेर्खिन १९०३ मध्ये वारला. त्याच्या नावाची आद्याक्षरे आणि उजवीकडचा चेहरा एकाच डबीवर असतील तर ठसे बनावट समजावेत. नकली माल करणारे नेमके इथेच चुकतात.

फॅबर्जेचे १८८७ चे अंडे असेच मोडीच्या वाटेवर होते. अमेरिकेतल्या एका भंगारवाल्याने ते वितळवून विकायच्या हिशेबाने सुमारे १४ हजार डॉलरला घेतले. वितळवून तेवढेही सुटेनात, म्हणून ते घरीच राहिले. आतल्या घड्याळावर व्हाशेरॉन कॉन्स्टँटिन या स्विस घड्याळ कंपनीचे नाव होते. २०१२ मध्ये ते नाव इंटरनेटवर शोधताना खरी ओळख पटली.

सफाईला कोरडा मऊ ब्रश पुरे. अल्ट्रासॉनिक यंत्र आणि गरम पाणी टाळा: मीन्यातली चीर वाढते, डिंक सुटतो. बिजागरीला तेल देऊ नका, धूळ धरते. टवका उडाला तर पुन्हा भट्टीत घालता येत नाही, खडे आणि डाक (धातूचे सांधे जोडणारा झाळ) टिकत नाहीत. तिथे थंड राळच भरावी लागते, म्हणून उडालेली कपची फेकू नका. कापसात गुंडाळून डबीसोबतच दुरुस्तीला आणा.