क्लोन लावून चहाला जाण्याचा काळ: अवाढव्य रेपोंची पार्श्वभूमी

खराडीतल्या एका ऑफिसात रुजू झालो त्या दिवशी लॅपटॉप मिळाला, गळ्यात घालायचं कार्ड मिळालं आणि एक कमांड मिळाली: गिट क्लोन. गिट म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं सॉफ्टवेअर, आणि क्लोन म्हणजे रेपो, म्हणजे कोड आणि त्याचा इतिहास यांचं भांडार, आपल्या मशीनवर उतरवणं. ती लावायची आणि चहाला जायचं, हे सीनिअरने पहिल्या पाच मिनिटांतच सांगितलं. चहा झाला, जेवण झालं. संध्याकाळी कॅबची वेळ झाली तेव्हा ‘रिसिव्हिंग ऑब्जेक्ट्स’ ६१ टक्क्यांवर होतं. लॅपटॉप मिटला, क्लोन मेला. घरी सिंहगड रोडवर पुन्हा लावला, तर रात्री ८३ टक्क्यांना लाइट गेली, राउटर बंद, पुन्हा शून्य. तुटलेला क्लोन जिथे तुटला तिथून पुढे सुरू करण्याची सोय गिटमध्ये आजही नाही.

याचं मूळ २००५ सालात आहे. त्याआधी याच कामासाठी बहुतेक ठिकाणी सीव्हीएस होतं, मग सबव्हर्जन आलं, त्याची १.० आवृत्ती २००४ ची. तिथे इतिहास सर्व्हरवरच राहायचा आणि आपण हवा तो एखादा फोल्डर उतरवून घ्यायचो. रेपो केवढाही असो, आपल्या मशीनवर त्याचं ओझं येत नसे. फक्त सर्व्हर बसला की कमिट (बदलाची नोंद) नाही, लॉग (जुन्या नोंदींची यादी) नाही, सगळी टीम टपरीवर.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं, म्हणजे कर्नलचं, काम २००२ पासून बिटकीपर या अशाच एका खासगी सॉफ्टवेअरवर चालायचं. २००५ मध्ये त्याची फुकट वापराची सवलत काढून घेतली गेली, आणि लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने एप्रिलमध्ये काही दिवसांत गिट उभं केलं. (जुलैमध्ये ते सांभाळायला जुनिओ हमानोकडे सोपवूनही टाकलं.) गिटचा बाणा असा की संपूर्ण इतिहास प्रत्येकाकडे, सर्व्हर मालक नाही. पण १६ एप्रिलला कर्नल गिटमध्ये टाकताना लिनसने फक्त २.६.१२-आरसी२ या आवृत्तीची त्या दिवशीची स्थिती घेतली, १७ हजारांहून अधिक फायली. जुना इतिहास हाताशी असून मागे ठेवला. कारण त्याच कमिटच्या संदेशात आहे: तो आणला तर सुमारे ३.२ जीबी होईल आणि सुरुवातीच्या दिवसांत उगाच गुंतागुंत वाढेल. सगळं सगळ्यांकडे म्हणणाऱ्या यंत्राचा गृहप्रवेशच जुनं सामान मागे ठेवून झाला. त्यापुढची मोठ्या रेपोंची सगळी कहाणी म्हणजे काय काय न आणता भागेल याचा शोध आहे, असं माझं मत.

कर्नलपुरतं गिट उत्तम चाललं. पॅकफायली आल्या, इतिहास दाबून बसवला गेला. अडचण सुरू झाली ती सगळा कोड एकाच रेपोत ठेवणाऱ्या कंपन्यांपाशी. २०१२ मध्ये फेसबुकने ४० लाख कमिट आणि १३ लाख फायलींचा नमुना रेपो बनवून गिटला ताणून पाहिलं. साध्या कमांडही हैराण करतील इतक्या संथ झाल्या. रेपोचे तुकडे करा, असा सल्ला मिळाला. त्यांनी तुकडे केले नाहीत, मर्क्युरिअल हे गिटसारखंच दुसरं सॉफ्टवेअर उचललं आणि स्वतःच्या मापाचं करून घेतलं. गूगल तर आपल्या मुख्य रेपोसाठी गिटच्या वाटेला गेलंच नाही. त्यांच्या पायपर या घरच्या प्रणालीतला रेपो २०१६ मध्ये छापून आलेल्या आकड्यांनुसार ८६ टेराबाइटचा होता आणि त्यात जवळजवळ १०० कोटी फायली होत्या.

गिट मात्र बदललं ते मायक्रोसॉफ्टमुळे. विंडोजचा कोड आधी सोर्स डेपो या त्यांच्या स्वतःच्या प्रणालीत, चाळीसहून अधिक डेपोंत विखुरलेला होता. तो एका गिट रेपोत आणला तेव्हा ३५ लाख फायली आणि ३०० जीबी भरलं. क्लोनला बारा तासांच्या वर, ब्रँच (कामाची वेगळी शाखा) बदलायला दोन-तीन तास, काय बदललंय ते दाखवणाऱ्या स्टेटसला दहा मिनिटं. स्टेटससारख्या निरुपद्रवी कमांडला इतका वेळ का? गिटकडे इंडेक्स नावाची यादी असते. स्टेटस त्या यादीतल्या एकेका फायलीचा आकार आणि बदलाची वेळ डिस्कवर जाऊन तपासतं, वर यादीत नसलेलं काही आलंय का म्हणून सगळे फोल्डर धुंडाळतं. तुम्ही एकच ओळ बदललेली असली तरी हजेरी ३५ लाखांची.

२०१७ मध्ये त्यांनी जीव्हीएफएस जाहीर केलं. फायली सगळ्या असल्यासारख्या दिसतात, पण फाइल उघडली की तेवढीच सर्व्हरवरून येते. क्लोन काही मिनिटांवर आला, स्टेटस चार-पाच सेकंदांवर. पण हे आभासी फाइल सिस्टिमचं काम ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटात शिरून करावं लागे, आणि मॅकवर अ‍ॅपलने तसली कर्नल एक्स्टेन्शन मोडीत काढायला घेतली. मग मायक्रोसॉफ्टमधल्या डेरिक स्टोली आणि मंडळींनी शहाणपणाची वाट धरली: सोंग नको, गिटलाच कमी आणायला शिकवू. इतिहास भराभर चाळण्यासाठी कमिट-ग्राफ त्याआधीच, २०१८ मध्ये, आला होता. सगळा मजकूर न आणता होणारा पार्शल क्लोनही त्याच वर्षीचा. हवे तेवढेच फोल्डर उतरवण्याची सोय २०१० पासून होती, पण तिची फाइल हाताने लिहावी लागे. स्पार्स-चेकआउट ही सरळ कमांड जानेवारी २०२० मध्ये, २.२५ आवृत्तीत मिळाली. हे सगळं एकदम लावून देणारं स्केलार ऑक्टोबर २०२२ मध्ये २.३८ पासून गिटसोबतच येऊ लागलं.

पुणे पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल आहेत. अभ्यासक सगळे सोडून बसत नाही, हवा तो रुमाल मागवतो. फिल्टरमध्ये ‘ब्लॉब नन’ देऊन केलेला क्लोन तसाच: कमिट आणि फोल्डरांची यादी पूर्ण येते, कागद, म्हणजे फायलींचा मजकूर (ब्लॉब), सर्व्हरवर राहतात.

खराडीचा तो रेपो मी आता असाच घेतो, स्पार्स-चेकआउटमध्ये तीन फोल्डर. चहा निवायच्या आत काम होतं. फक्त परवा डेक्कन क्वीनमध्ये खंडाळ्याच्या पुढे, बोगद्यात, एका जुन्या फायलीवर गिट ब्लेम मारलं, म्हणजे कुठली ओळ कुणी लिहिली ते विचारलं. तिच्या मागच्या आवृत्त्या माझ्याकडे नव्हत्या आणि रेंजही नव्हती. ‘फेटल’ असा शब्द उमटला. कर्जतला रेंज आल्यावर पुन्हा मारलं, तेव्हा ती ओळ कुणाची ते कळलं. माझीच होती.